पाट्यांचे बुश : त्यांची परीक्षा व ते घरीं बदलण्याची रीत

शेतमाल बाजारांत पोंचविण्याच्या कामीं बऱ्याच गांवीं आज बैलगाडीची जागा जीप किंवा पिकअप गाडीनें घेतली आहे. बैलगाडीच्या कण्यास वंगण केव्हां घालावें, चाकाच्या तुंब्यांतील लोखंडी बांगडी झिजली कीं नाहीं, हें घरांतील पोरासही नुसत्या आवाजावरून कळत असे. मोटारीच्या बाबतींत मात्र आपण सर्व कांहीं मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतों. मोठी दुरुस्ती त्याच्याकडेच न्यावी हें योग्य. परंतु मागील पाट्यांचे बुश बदलणें हें काम सावध व हत्यारें वापरण्याची संवय असलेल्या शेतकऱ्यास घरच्या अंगणांत करतां येण्याजोगें आहे.

बुश म्हणजे काय? पाट्यांपैकीं मुख्य पाट्याचीं दोन्ही टोंकें गोल वळविलेलीं असतात. त्यांस डोळे म्हणतात. सामान्यतः पुढचा डोळा चासीच्या कोंड्यांत बोल्टानें बसविलेला असतो व मागचा शॅकल नांवाच्या झुलत्या कडीस अडकविलेला असतो. ओझ्यानें पाटा दबला म्हणजे त्याची कमान सरळ होऊन लांबी वाढते, म्हणून एक टोंक झुलतें ठेवावें लागतें. डोळा व बोल्ट यांच्यामध्यें जो नळीसारखा तुकडा असतो तोच बुश होय. १९४० नंतरच्या दशकांतील जुन्या जीप गाड्यांत शॅकलला आटे पाडलेले धातूचे बुश असत व त्यांस ग्रीस भरावें लागे. हल्लींच्या बहुतेक गाड्यांत बुश रबराचा असून त्याच्या आंत लोखंडी नळी असते. कांहींत बाहेरूनही पत्र्याची नळी असते.

रबरी बुशाची एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बोल्ट आवळला म्हणजे आंतील नळी घट्ट जखडली जाते. ती फिरत नाहीं. पाटा हालतो तेव्हां मधलें रबरच पिळलें जातें व पुन्हा मूळ स्थितीवर येतें. येथें घासण्याची क्रिया नसल्यामुळें वंगणाची जरूर नाहीं. उलट, खनिज तेलानें साधें रबर फुगतें व मऊ पडतें. म्हणून “कुरकुर वाजते, थोडें तेल सोडा” हा सल्ला बैलगाडीस लागू असला तरी येथें घातक आहे.

परीक्षा कशी करावी? खाचखळग्यांतून जातांना मागून ठोका ऐकूं येणें, सरळ रस्त्यावर गाडीचा मागील भाग एका अंगास सरकल्यासारखा वाटणें, मागील टायर एका बाजूनें अधिक झिजणें, हीं लक्षणें आढळल्यास बुश पाहावे. गाडी सपाट जागीं उभी करून डोळ्याजवळ पहार टेकवून हलकेच उचकावें. रबराला चिरा असतील, तें बाहेर आलें असेल किंवा बोल्ट डोळ्यांत एका बाजूस सरकला असेल, तर बुश संपला असें समजावें. दिरंगाई केल्यास बोल्ट व डोळाही खाल्ला जातो, आणि मग चार बुशांच्या किंमतींत भागणारें काम नव्या पाट्यावर जातें.

तयारी. गाडीच्या प्रकारास जुळणारे बुश व नवे नट आणावे. दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळीं बदलावे. आदल्या दिवशीं बोल्टांवर गंज सोडविणारें तेल मारावें. गाडी कठीण, सपाट जमिनीवर घ्यावी. हातब्रेक बहुधा मागील चाकांवरच चालतो व तींच आपण उचलणार. यास्तव पुढील दोन्ही चाकांस पुढून व मागून ठोकळे लावावे. नटांचा पहिला हिसका गाडी जमिनीवर असतांनाच द्यावा. नंतर गाडी उचलून चासीखालीं दोन्ही बाजूंस मजबूत लोखंडी घोड्या द्याव्या आणि काढलेलें चाक चासीखालीं आडवें ठेवावें. केवळ जॅकवर किंवा विटांच्या थरावर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीही, क्षणभरही, जाऊं नये. जॅक निसटतो, वीट फुटते. आणि गेलेला माणूस परत येत नाहीं.

बदलण्याची रीत.

(१) दुसरा जॅक ॲक्सलखालीं लावून तो वरखालीं करावा. बोल्ट हातानें फिरूं लागला म्हणजे पाट्यावरील भार उतरला असें जाणावें.

(२) एका वेळीं एकाच पाट्याचें एकच टोंक सोडावें. म्हणजे ॲक्सल जागेवरून सरकत नाहीं. मधल्या यू-बोल्टांस हात लावूं नये.

(३) जुना बुश काढण्यास एका बाजूस डोळ्याहून मोठ्या तोंडाचा नळीचा तुकडा व दुसऱ्या बाजूस बुशाएवढी चकती ठेवून मधून लांब बोल्ट घालावा व नट आवळीत जावें. पत्र्याची नळी अडकून राहिल्यास तिला आंतून करवतीनें उभी चीर द्यावी. पाट्याच्या लोखंडास ओरखडा येऊं देऊं नये, कारण तेथूनच पाटा पुढें तुटतो. रबर जाळून काढूं नये. त्याचा धूर विषारी असतो, उष्णतेनें पाट्याचें पाणी उतरतें, आणि इंधनाची टांकी जवळच असते.

(४) डोळा आंतून घासून स्वच्छ करावा. नव्या रबरास साबणाचें पाणी लावून त्याच बोल्टाच्या युक्तीनें तो सरळ दाबून बसवावा. हातोड्यानें ठोकूं नये.

(५) बोल्ट घालून नट फक्त टेकेपर्यंत फिरवावा.

शेवटचें आवळणें हेंच या कामाचें मर्म आहे. चाकें चढवून, घोड्या काढून गाडी आपल्या वजनानें जमिनीवर उभी करावी, चारदोन वेळां मागून दाबून हालवावी, आणि मगच बुशांचे नट गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यानें आवळावे. गाडी लोंबती असतांना आवळल्यास रबर त्या स्थितींत जखडलें जातें व गाडी उतरतांच पिळल्या धोतरासारखें कायमचें पिळलेलें राहतें. असा नवा बुशही लवकर फाटतो आणि दोष मात्र मालाला दिला जातो.

दोनशें किलोमीटर चालल्यावर सर्व नट पुन्हा तपासावे. पुढील बाजूस गुंडाळी स्प्रिंग असलेल्या गाडीचे बुश मात्र घरीं काढूं नयेत. दाबलेली स्प्रिंग सुटल्यास जिवावर बेततें, आणि पुढील काम झाल्यावर चाकांची सरळ रेषाही यंत्रावर तपासावी लागते. बुश बदलल्याची तारीख व गाडी किती चालली होती तो आंकडा खतांच्या व बियाण्यांच्या हिशेबाच्याच वहींत टिपून ठेवावा. पुढच्या वेळीं बुश लवकर गेले असें दिसलें तर गाडींत ओझें किती भरतों, याचा विचार करण्यास तीच नोंद उपयोगी पडेल.