‘लीज’ आणि ‘लायसन्स’

दुसऱ्याची जागा वापरावयास मिळते, म्हणून हे दोन इंग्रजी शब्द समानार्थी भासतात. कायद्यात मात्र त्यांत मोठे अंतर आहे. ‘लीज’ म्हणजे भाडेपट्टा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ अन्वये त्याने जागेच्या उपभोगाचा हक्कच भाडेकरूकडे जातो. ‘लायसन्स’ म्हणजे केवळ अनुज्ञा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार तिने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. सर्वसाधारणपणे मालकास ती परत घेता येते. तथापि केवळ मथळ्यावर विसंबू नये. दस्तऐवजाचा आशय व पक्षकारांचा हेतू पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स प्रकरणात सांगितले आहे. म्हणून सही वा अंगठा करण्यापूर्वी जागेचा ताबा नेमका कोणाकडे राहणार, हे प्रत्येकाने समजून घ्यावे.