जुहूला जाताना तिथी बघा

मुलांनो, मुंबई उपनगरातील जुहूचा किनारा सर्वांना आवडतो. वाळूत किल्ले करावेत, भेळ खावी, सूर्यास्त बघावा. जवळच जुहूचा विमानतळ आहे. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचे विमान तिथेच आणले.

पण समुद्र म्हणजे आपल्या गावची विहीर नव्हे! अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती असते आणि ती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते. म्हणून तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पुढे सहा तासांनी ओहोटी. हा झाला अंदाज. उधाणात आणि पावसाळ्यात मात्र पाण्यात उतरूच नये.

पालकहो, सहलीआधी घरच्या कॅलेंडरात तिथी बघा. हिशेब आम्ही करून देऊ!