आयफेल टॉवर खिडकीतून दिसलाच पाहिजे का?

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण आठ दिवस पॅरिसला जाणार आहोत. मी, माझे यजमान, दहावीची परीक्षा देणारी मुलगी आणि माझे आई-बाबा. बाबा पंच्याहत्तरीला आलेत, आईचे गुडघे दुखतात आणि दोघांनाही बाहेरचे जेवण फार दिवस चालत नाही. म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्यायचे ठरवले आहे. घरातून आयफेल टॉवर दिसला पाहिजे असा मुलीचा हट्ट आहे. यजमान म्हणतात, तेवढ्या पैशात एक खोली जास्त मिळेल. नकाशावर १ ते २० असे आकडे दिसतात, त्यांतला कोणता भाग चांगला ते कळत नाही. घर निवडताना नेमके काय पाहावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : टॉवर दिसणारे घर घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात पॅरिसला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. टॉवरची रोषणाई खरी खुलते ती दहाच्या सुमारास. तोवर तुम्ही दिवसभर चालून दमलेले असाल आणि आई-बाबा झोपलेले असतील. शिवाय टॉवर दिसायचा तर घर वरच्या मजल्यावर हवे, आणि पॅरिसमधल्या जुन्या इमारतींत वरचा मजला म्हणजे पुष्कळदा नुसता जिना. मुलीला टॉवर मनसोक्त दिसेल, त्याची काळजी नको. त्रोकादेरोच्या सज्ज्यावरून दिसेल, सीन नदीवरच्या पुलांवरून दिसेल. सहा नंबरची मेट्रो बीर-आकेमच्या पुलावरून उघड्यावर नदी ओलांडते, तेव्हा तर डब्यात बसल्या बसल्या दिसेल.

आता ते आकडे. पॅरिसचे २० वॉर्ड आहेत, फ्रेंचमध्ये त्यांना आरोंदिसमाँ म्हणतात. १८६० साली आजूबाजूची गावे शहरात घेतली गेली तेव्हापासून ही रचना आहे. लूव्र संग्रहालयाच्या परिसरात पहिला वॉर्ड, आणि तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल गोल बाहेर जात विसावा. पत्त्यातल्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे हा वॉर्डाचा क्रमांक असतो. ७५०१२ म्हणजे बारावा वॉर्ड. जाहिरातीत ‘पॅरिस’ असे ठळक लिहिलेले असते, पण पिनकोड ९२, ९३ किंवा ९४ने सुरू होत असेल तर घर शहराच्या हद्दीबाहेर आहे असे समजावे. बाहेरची सगळी घरे टाकाऊ असतात असे नाही. पूर्वेचे व्हँसेन शांत आहे आणि तिथून एक नंबरची मेट्रो थेट लूव्रला जाते. मात्र आपण कुठे राहणार आहोत हे पैसे भरण्याआधी माहीत असावे.

आपल्या मनातल्या ‘मोठ्या शहरा’पेक्षा पॅरिस बरेच लहान आहे, ही गोष्ट घर निवडताना फार उपयोगी पडते. क्षेत्रफळ अवघे १०५ चौरस किलोमीटर, लोकवस्ती साधारण २१ लाख. पूर्व-पश्चिम टोकांमधले अंतर दादरहून कुलाब्याला जाण्याइतके. म्हणून ‘अगदी मध्यवर्ती’ या दोन शब्दांसाठी जास्त भाडे मोजण्यात अर्थ नाही. मेट्रोने वीस-पंचवीस मिनिटांत बहुतेक ठिकाणी पोचता येते. तुमच्या घरात तर प्रश्न किती मिनिटांचा आहे यापेक्षा किती पायऱ्यांचा आहे हे जास्त महत्त्वाचे.

या पायऱ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीत त्या कधीच दिसत नाहीत. मध्य पॅरिसचा आजचा चेहरा ओस्मान या प्रशासकाने १८५३ ते १८७० या काळात घडवला. रुंद रस्ते, दगडी दर्शनी भिंती, लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या, सहा मजल्यांची एकसारखी रांग. घरे देखणी आहेत, पण ती बांधली तेव्हा निवासी इमारतीत लिफ्ट नसे. पुढे ज्यांना परवडले त्यांनी गोल जिन्याच्या मधल्या पोकळीत ती बसवली. त्यामुळे अनेक ठिकाणी लिफ्टमध्ये जेमतेम दोन माणसे मावतात आणि बॅगा वेगळ्या पाठवाव्या लागतात. काही इमारतींत ती दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते, म्हणजे उरलेल्या सात-आठ पायऱ्या आहेतच. सर्वांत वर जस्ताच्या छपराखालच्या खोल्या असतात. त्या पूर्वी मोलकरणींसाठी होत्या, आता सजवून पाहुण्यांना दिल्या जातात. ही छपरे घालणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले, आणि पॅरिसचे आकाश या करड्या छपरांमुळेच इतके सुंदर दिसते. पण उन्हाळ्यात त्यांच्याखाली राहणे वयस्कर माणसांना सोसणारे नाही. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान नोंदवले गेले. घरांत एसी क्वचितच असतो. मे महिन्यात इतके तापत नाही, तरी आई-बाबांसाठी छपराखालचे घर नकोच.

म्हणून घरमालकाला आधी लेखी विचारा : रस्त्यावरच्या दारापासून फ्लॅटच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या चढायच्या? लिफ्ट फ्लॅटच्याच मजल्यावर थांबते का? लिफ्टच्या आतला फोटो पाठवाल का? चांगला मालक लगेच उत्तर देतो. ‘थोड्याशाच पायऱ्या आहेत’ असे मोघम उत्तर आले, तर पुढचे घर पाहा. मजल्यांची मोजणी तिथे आपल्यासारखीच आहे, तळमजल्याच्या वर पहिला.

हाच प्रश्न मेट्रोलाही विचारायचा. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली आणि तिची बहुतेक जुनी स्थानके आजही जिन्यांचीच आहेत. नकाशावर ‘स्टेशनपासून दोन मिनिटे’ दिसते, पण त्या स्टेशनात उतरायला आणि गाड्या बदलायला किती जिने आहेत ते दिसत नाही. याला मोठा अपवाद चौदा नंबरच्या मार्गाचा. तो १९९८मध्ये सुरू झाला आणि त्याच्या प्रत्येक स्थानकावर लिफ्ट आहे. जून २०२४पासून तो दक्षिणेला थेट ऑर्ली विमानतळापर्यंत जातो. शहरातल्या बस खालच्या पायरीच्या आहेत आणि वयस्कर माणसांना मेट्रोपेक्षा बस केव्हाही सोयीची, शिवाय शहर पाहत जाता येते. ६९ नंबरची बस बास्तीय चौक, नगरभवन, लूव्र असे करत आयफेल टॉवरजवळच्या शाँ द मार्स मैदानापर्यंत जाते.

हे सगळे एकत्र ठेवले की माझे बोट नकाशावर बास्तीय चौक, अलीग्र बाजार आणि गार द लियों स्टेशन यांच्यामधल्या त्रिकोणावर जाते. हा मुख्यतः बाराव्या वॉर्डाचा भाग. गार द लियोंला एक आणि चौदा हे दोन्ही मेट्रोमार्ग मिळतात, बास्तीयला ६९ नंबरची बस. अलीग्रचा भाजीबाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो आणि तिथे टोमॅटो, वांगी, कोथिंबीर, पुदिना सगळे मिळते. जवळच जुन्या रेल्वेपुलावर केलेली झाडांची पायवाट आहे. आई-बाबांना संध्याकाळी फिरायला याहून छान जागा मला सुचत नाही, आणि वर जायला काही ठिकाणी लिफ्टही आहे. फक्त बास्तीयजवळची र्यु द लाप ही गल्ली आणि तिच्या आसपासची घरे टाळा. तिथले बार रात्री उशिरापर्यंत गजबजलेले असतात.

दुसरा पर्याय तेराव्या वॉर्डाचा, ओलिंपियाद स्टेशनचा परिसर. १९७०च्या सुमारास बांधलेल्या उंच इमारती आहेत, फोटोत त्या कुणाला आवडत नाहीत. पण लिफ्ट मोठ्या, चौदा नंबरची मेट्रो दाराशी, आणि आशियाई किराणा दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर. मी आई-वडिलांना घेऊन गेलो तर याचा गंभीरपणे विचार करीन. पंधरावा वॉर्डही शांत, कुटुंबवत्सल आहे. माँमार्त्र मात्र टेकडीवर आहे, पायऱ्यांवर पायऱ्या. ते अर्धा दिवस पाहून यावे, राहू नये. मारे आणि सँ-जेर्माँ सुरेख आहेत, महागही आहेत, आणि तिथल्या जुन्या घरांत लिफ्ट मिळणे अवघड.

जाहिरात वाचताना खोल्यांचा हिशेब नीट समजून घ्या. तिथे ‘पियेस’ मोजतात, त्यात हॉल आणि झोपण्याच्या खोल्या येतात, स्वयंपाकघर व न्हाणीघर येत नाही. दोन पियेस म्हणजे आपला वन बीएचके. ‘सहा जणांची सोय’ असे लिहिले असले तरी त्यातले दोघे बहुधा हॉलमधल्या सोफ्यावर झोपणार असतात. तुम्हा पाच जणांना चार पियेस उत्तम. मुलगी सोफ्यावर झोपायला तयार असेल तर तीनही चालतील, पण क्षेत्रफळ ६५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७०० चौरस फूट, तरी असावे. स्नानासाठी टब असेल तर त्याची कड केवढी उंच आहे ते फोटोत पाहा. आईंना रोज ती ओलांडायची आहे. अंगणाच्या बाजूची खोली रस्त्याच्या बाजूच्या खोलीपेक्षा शांत असते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पॅरिसमध्ये पर्यटकांना घर देणाऱ्याने महापालिकेकडून नोंदणी क्रमांक घेऊन तो जाहिरातीत छापणे डिसेंबर २०१७पासून बंधनकारक आहे. स्वतःचे राहते घर वर्षात १२० दिवस देता येत असे, २०२५पासून ही मर्यादा ९० दिवसांवर आली आहे. यामागे कारण आहे : घरेच्या घरे पर्यटकांकडे वळली की शिक्षक, परिचारिका, दुकानदार यांना शहरात भाड्याचे घर मिळेनासे होते. आपण आठ दिवसांचे पाहुणे, कुणाचे कायमचे छप्पर काढून घेणाऱ्या व्यवहारात आपण असू नये. आपल्या सोयीचेही पाहायचे तर बेकायदा घराचे आरक्षण आयत्या वेळी रद्द होऊ शकते. क्रमांक नसेल तर ते घर सोडा. ‘वेबसाइटवर नको, थेट बँकेत पैसे पाठवा, स्वस्तात देतो’ असे कुणी म्हटले तर तेही सोडा.

शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा पुरावा लागतो, त्यामुळे आरक्षण पूर्ण रद्द करता येण्याजोगे घ्या आणि त्यावर पाचही जणांची नावे घालून मागा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणारे विमान सकाळी शार्ल द गोल विमानतळावर उतरते आणि घराची किल्ली दुपारी तीन-चारला मिळते. मधल्या वेळात बॅगा कुठे ठेवायच्या ते मालकाला आधीच विचारून ठेवा. विमानतळावरून शहरात येण्यासाठी टॅक्सीचे दर ठरलेले आहेत, पण साध्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात. पाच जणांसाठी मोठी गाडी सांगा. मेट्रो-बसचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असाच चालतो. शक्य असेल तर रविवारी किंवा सोमवारी पोचा.

हे सगळे जमवणे फार वाटले, तर अपार्टहॉटेल पाहा. स्वयंपाकाचा ओटा असतो, लिफ्ट असते, खाली चोवीस तास माणूस असतो, आणि दोन खोल्या शेजारी-शेजारी घेता येतात.

प्रश्न : पॅरिसच्या फ्लॅटमध्ये आपला स्वयंपाक करता येतो का? कुकर, डाळ-तांदूळ, तूप सोबत न्यावे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : स्वयंपाक जरूर करा. आधी शेगडी कसली आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर तापणारच नाही, इंडक्शनचा तळ असलेला स्टीलचा छोटा कुकर न्या. फ्रान्समध्ये २०१५पासून प्रत्येक घरात धूर ओळखणारे यंत्र सक्तीचे आहे. हॉल आणि स्वयंपाकघर एकच असलेल्या लहान घरात मिरचीची फोडणी करायची असेल तर आधी खिडकी उघडा. फोडणी मंद आचेवर करा, आणि शिट्ट्यांचे काम रात्री दहाच्या आत उरका. जुन्या इमारतींतल्या लाकडी जमिनींतून आवाज सहज खाली जातो.

तूप, पेढे, श्रीखंडवडी, चीज यांतले काहीही नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, मिरच्या, भाज्याही नकोत. सुके मसाले, गोडा मसाला, मेतकूट, मूगडाळ चालते. तुपाऐवजी तिथले लोणी घ्या आणि घरीच कढवा, फ्रेंच लोण्याचे तूप फार रवाळ होते.

बाकी सामानासाठी गार द्यु नोर स्टेशनच्या उत्तरेला ला शापेल भागात एक फेरी मारा. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांनी तिथे दुकाने थाटली आहेत. कणीक, तांदूळ, डाळी, कढीपत्ता, ओला नारळ, सगळे मिळते. तिथेच त्यांचे माणिक्क विनायकाचे मंदिर आहे, आणि गणेशचतुर्थीच्या सुमारास एका रविवारी गणपतीचा रथ या रस्त्यांवरून निघतो, वाटेत नारळांच्या राशी फोडल्या जातात. तुमचा प्रवास ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये असेल तर तारीख पाहूनच जा. राहायला मात्र हा भाग मी सुचवणार नाही. रस्ते अरुंद, गर्दी दाट, आणि स्टेशनाच्या आसपास खिसेकापूंपासून सांभाळावे लागते. सकाळी अकराच्या आत जाऊन पिशव्या भरून परत या.