दृक्-श्राव्य साधनांची निगा

१९७८ साली सुरू झालेले ठाण्याचे गडकरी रंगायतन असो, डोंबिवलीतील एखादी कचेरी असो वा आपला वर्ग. ध्वनिवर्धक व प्रोजेक्टर यांवाचून आज काम अडते. परंतु वापरणारे अनेक आणि जपणारा कोणीच नाही, अशी तेथे बारभाईंची खेती होते.

यंत्रे वापराने झिजतात, पण हेळसांडीने लवकर मरतात. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नये. तापलेला दिवा थंड न झाल्यास त्याचे आयुष्य घटते. धुळीने बुजलेली जाळीही हेच करते. अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी चालू व सर्वांत आधी बंद करावा, म्हणजे कर्ण्यांना धक्का बसत नाही. माइकवर टिचक्या मारू नयेत; त्याचा पडदा नाजूक असतो.

खाडीकाठच्या आपल्या शहरांत पावसाळ्यातील दमट हवा हा मोठा शत्रू. बंद कपाटात भिंगावर बुरशी चढते. म्हणून सिलिका जेलची पुडी ठेवावी व यंत्र अधूनमधून चालवावे.

शेवटी, यंत्राजवळ एक नोंदवही हवी : कोणी नेले, काय बिघडले. नाव लिहिले गेले की सर्वांची वस्तू कोणाची तरी होते, आणि तरच ती टिकते.