आजी-आजोबांच्या हातचा खाऊ
(वृद्धनिवासात करावयाचा एक सोपा सामुदायिक उपक्रम)



मी बँकेत कारकून आहे. दरवर्षी नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या काउंटरपुढे निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. ही मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. २०१४ सालापासून हा दाखला बोटाच्या ठशावरून संगणकावरही देता येतो. परंतु पुष्कळांचा ठसा यंत्रावर उमटतच नाही. जन्मभर भांडी घासून, विटा वाहून, चिखलात भात लावून बोटांवरच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. प्रस्तुत लेख अशाच हातांविषयी आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे निदान एक वृद्धाश्रम असावे, अशी तरतूद त्यात आहे. छप्पर, अन्न आणि औषध यांची सोय कायद्याने सांगितली. पण दुपारचे चार वाजले की करायचे काय, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. तो आपणच सोडवायचा आहे.

आमची चूक

मुळशी तालुक्यात, पिरंगुटहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एक लहानसे वृद्धनिवास आहे. आम्ही काही मित्र तेथे रविवारी जातो. पहिल्या खेपेला आम्ही सुकी भेळ करून नेली, सर्वांना वाटली आणि मोठे काम केल्याच्या समाधानात उभे राहिलो. तेवढ्यात एका आजोबांच्या घशात शेंगदाणा अडकला. तेथील परिचारिकेने चपळाईने पाठीवर थापट्या मारल्या म्हणून जिवावरचे टळले. चूक सर्वस्वी आमची होती. कोणाला काय चालते हे आम्ही विचारलेच नव्हते.

परतताना दुसरी चूकही लक्षात आली. आम्ही वाटणारे आणि ते हात पुढे करणारे, अशा दोन रांगा आम्हीच पाडल्या होत्या. ज्या बायकांनी चाळीस-पन्नास वर्षे घरादाराला रांधून वाढले, त्यांना आम्ही कागदाच्या पुडीत भेळ दिली! तेव्हापासून आम्ही खाऊ नेणे बंद केले. आता फक्त सामान नेतो, आणि खाऊ तेथील मंडळी करतात.

हाताच्या कामाचे महत्त्व

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाडच्या परिसरात बालवाड्या उभ्या केल्या. माँटेसरी पद्धतीतले निवडणे, ओतणे, सोलणे यांसारखे हाताचे उद्योग आपल्याला बालशिक्षणामुळे परिचित आहेत. पुढे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कॅम्प यांनी हीच तत्त्वे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी वापरली. कारण असे की, नावे आणि तारखा विसरल्या तरी हाताची जुनी सवय पुष्कळदा मागे उरते. म्हणून अशा आजींना "आठवतं का?" असे विचारू नये. त्यांच्यापुढे मटाराच्या शेंगा ठेवाव्यात. मात्र वृद्ध म्हणजे लहान मूल नव्हे, हे विसरू नये. टाळ्या वाजवून शाबासकी देऊ नये. काम द्यावे आणि त्यांच्या पद्धतीने करू द्यावे.

पूर्वतयारी

१) परिचारिकेकडून आधी यादी घ्यावी. मधुमेह कोणाला, मीठ कमी कोणाला, मूत्रपिंडाचा विकार कोणाला, गिळायला त्रास कोणाला, हे कागदावर लिहून जवळ ठेवावे. वयपरत्वे चव मंदावते, म्हणून वृद्ध वरून मीठ मागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. मिठाऐवजी लिंबू, कोथिंबीर व जिरेपूड यांनी चव वाढवावी.

२) आठ-दहा जणांचा एक गट करावा. वेळ सकाळी दहा किंवा दुपारी चारची, आणि अवधी पाऊण तास. विळी, सुरी आणि शेगडी गटापासून लांब असावी. चिरणे व फोडणी स्वयंपाकघरात उरकावी.

३) सर्वांचे हात साबणाने धुवावेत. ताप, जुलाब किंवा हाताला जखम असेल त्याला त्या दिवशी पदार्थात हात घालायला लावू नये.

४) परातीखाली ओले फडके ठेवावे, म्हणजे ती सरकत नाही. हात थरथरणाऱ्यास जड भांडे अर्धेच भरून द्यावे. ज्यांना कमी दिसते त्यांना पांढरे पोहे पांढऱ्या ताटात देऊ नयेत.

तीन सोपे पदार्थ (दहा जणांसाठी)

दडपे पोहे : पातळ पोहे अर्धा किलो, एक नारळ, दोन बारीक चिरलेले कांदे, दोन लिंबे व कोथिंबीर. एकाने पोहे निवडावेत, दुसऱ्याने नारळाचा चव मोकळा करावा, तिसऱ्याने लिंबू पिळावे. सर्व कालवून नारळाचे पाणी शिंपडावे, गार केलेली फोडणी घालावी आणि वर ताट दडपून वीस मिनिटे ठेवावे. शेंगदाणे घालू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना नारळ व त्याचे पाणी डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

मटार-बटाट्याचे पॅटिस : थंडीत एक किलो शेंगा आणाव्यात. सोलण्यातच अर्धा तास रमून जातो. मटार व सहा बटाटे स्वयंपाकघरात उकडून, कोमट झाल्यावर गटाकडे परत आणावेत. मटार चांगले कुस्करावेत. अख्खा दाणा घशात अडकू शकतो. चपटे गोळे करून द्यावेत, तव्यावर थोड्या तेलात आचारी भाजेल.

नाचणीचे लाडू : मुळशीच्या पश्चिमेकडील डोंगरउतारावर नाचणी पिकते, त्यामुळे येथील आजींना ती नवी नाही. दोन वाट्या पीठ मंद आचेवर तुपात खमंग भाजून आणावे. त्यात बिया काढून कुस्करलेला खजूर दीड वाटी व थोडी वेलची घालून लिंबाहून लहान लाडू वळावेत. लागल्यास पातळ तूप घालावे. खजूर गोडच असतो, तेव्हा मधुमेहींना परिचारिकेच्या सल्ल्यानेच द्यावा. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना कोणता पदार्थ किती घट्ट किंवा मऊ द्यावा, हे डॉक्टरच ठरवतील.

खाताना सर्वांनी ताठ बसावे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. केलेला पदार्थ दोन तासांत संपवावा, खोलीत लपवून ठेवू देऊ नये. कोणास ठसका लागला तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाठीवरच्या थापांनी घास निघाला नाही तर पोटावर दाब देण्याची पद्धत वापरतात. ती कार्यकर्त्यांनी आधी नीट शिकून घ्यावी.

प्रत्येकाला वाटा

अर्धांगवायू झालेल्याने एका हाताने परात धरावी. ज्यांना काहीच जमत नाही त्यांनी चव सांगावी. तो मानही मोठा आहे. जन्मात कधी चूल न पाहिलेले आजोबा लाडू मोजतात आणि कोण मोठे वळतो याची तक्रारही करतात. हात चालू लागले की तोंडही चालू लागते. एकदा पोहे निवडताना एका आजींनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या भातखाचरांची, सासूकडून ऐकलेली हकीकत सांगितली. १९२१ साली सेनापती बापटांनी जो मुळशी सत्याग्रह केला, तो मी पुस्तकात वाचला होता. त्या दिवशी तो पोह्यांच्या परातीवरून ऐकला.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याच वस्तीतून तेथे गेलेल्या, ऐंशीच्या घरातल्या एक आजी परातीपासून थोड्या दूर, हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. मी बोलावले तेव्हा हळूच म्हणाल्या, "माझ्या हातचं समद्यांना चालंल का रं बाबा?" तेथे कोणी त्यांना काही बोलले नव्हते. तो प्रश्न त्यांनी लहानपणापासून बरोबर आणलेला होता. महाडचे चवदार तळे १९२७ साली ओंजळीत घेतले गेले, तरी ही ओंजळ अजून संकोचत होती. मला उत्तर सुचेना. तेवढ्यात शेजारच्या, पेठेत आयुष्य गेलेल्या आजी म्हणाल्या, "अहो, माझी बोटं वळत नाहीत. तुम्ही या इकडे, नाहीतर लाडू तसेच राहतील." आणि त्यांनी परातच पुढे सरकवली.

त्या दिवशीचे लाडू त्या आजींनी वळले. ताट घेऊन स्वतः वाटलेही. सर्वांनी खाल्ले. शेवटचा लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

विनंती

आपल्या मंडळांनी वाढदिवशी वा स्मृतिदिनी वृद्धनिवासात फळे व बिस्किटे जरूर वाटावीत. पण महिन्यातला एक रविवार तरी सामान घेऊन जावे आणि केलेला खाऊ त्यांच्या हातून घ्यावा. माणसाला पोटभर मिळाले तरी, दुसऱ्याला देता आले नाही तर तो आतून उपाशी राहतो, असे माझे नम्र मत आहे. बँकेच्या यंत्रावर त्या आजींचा अंगठा उमटेल की नाही, सांगता येत नाही. त्या लाडवावर मात्र त्यांची पाचही बोटे उमटली होती.