तुटलेला बोल्ट कसा काढायचा आणि त्याचे पैसे कसे घ्यायचे?

कुडाळात किंवा आसपास गॅरेज टाकायचा विचार करताय? मग एका कामाची तयारी आधीच ठेवा: इंजिनमध्ये तुटून अडकलेला बोल्ट.

समजा, चतुर्थीचे दिवस आहेत. एक चाकरमानी मुंबईहून गाडी घेऊन आलाय, दोन दिवसांनी परत जायचंय. इंजिनजवळ फटफट आवाज येतोय. तुम्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा नट सोडायला घेतला आणि स्टड हेडमध्येच तुटला. आता गिऱ्हाईक म्हणणार, "मेस्त्री, तुम्ही तोडलात!" इथे तुमचा हात आणि तुमची जीभ, दोन्हींची परीक्षा असते.

आपल्याकडे बोल्ट का अडकतात?

मालवण, वेंगुर्ल्याची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि मासळीच्या टेम्पोतून गळणारं बर्फाचं खारट पाणी. त्यात बहुतेक गाड्यांचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारं पाणी गेलं, की तिथे गंज लवकर धरतो. मॅनिफोल्डजवळ तर रोजचं तापणं-निवणं असतं. म्हणजे बोल्ट तुमच्या हातात तुटतो, पण कमजोर तो आधीच झालेला असतो.

आधी बोला, मग पाना लावा

गंजलेला बोल्ट दिसला की काम थांबवा. गिऱ्हाइकाला बोलवा, बोल्ट दाखवा, मोबाईलवर फोटो काढा. सांगा, "हा तुटू शकतो. तुटला तर काढायचा खर्च वेगळा, वेळही लागेल. करू का?" हेच वाक्य तुटल्यावर बोललात तर तो बहाणा वाटतो. आधी बोललात तर तो सल्ला ठरतो.

काढायचा क्रम

हात कसा चालवायचा ते व्हिडिओत बघा. इथला क्रम वहीत उतरवून घ्या. नियम एकच: ज्या पायरीनंतर मागे फिरता येत नाही, ती शेवटी.

१. गंज सोडवणारं तेल मारा आणि थांबा. जमलं तर रात्रभर राहू द्या. मध्येमध्ये हातोडीने हलके ठोके द्या.

२. तुकडा बाहेर आलेला असेल तर ग्रिप प्लायरने पकडा. एकदम सोडायला जाऊ नका. किंचित घट्ट, किंचित सैल, असं पुढे-मागे करा.

३. नाही हलला तर उष्णता द्या. त्याआधी तेल पूर्ण पुसा, पेट्रोलची लाइन लांब ठेवा, आग विझवायचा सिलेंडर हाताशी घ्या. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून बोल्टभोवतीचं हेड तापवा. पण सांभाळून! अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही.

४. तरीही नाही? तुकड्यावर नट ठेवा आणि नटाच्या आतून वेल्डिंग भरा. आतून बसलेल्या उष्णतेने गंज सुटतो आणि पाना लावायला नवीन डोकंही मिळतं. थोडं निवू द्या, मग फिरवा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला विसरू नका, नाहीतर गाडीचा ईसीयू जाऊ शकतो.

५. बोल्ट आतच तुटलाय? बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा. आधी बारीक, मग जाड ड्रिल. उलट्या आट्यांचं ड्रिल असेल तर उत्तम, कधीकधी तुकडा त्याच्यासोबतच बाहेर येतो.

६. इझी आउट शेवटी. ते इतकं कडक असतं की आत तुटलं तर साधं ड्रिल त्यावर चालतच नाही. जोर लागतोय असं वाटलं की थांबा.

७. आटे गेले तर हेलिकॉइल बसवा. एम ८ बोल्टासाठी साधारण ८.३ मिलिमीटरचं भोक, त्यात हेलिकॉइलचा टॅप, मग स्प्रिंगसारखी कॉइल. अ‍ॅल्युमिनियममध्ये हे आटे चांगले टिकतात.

आणि भोक तिरकं जायला लागलं तर? लेथवाल्याकडे पाठवा. त्यात कमीपणा काही नाही. एका बोल्टापायी हेड घालवलं, तर नुकसान कोण भरणार?

आता पैशांचं बोलू

"दोन मिनिटांचा काम" असं गिऱ्हाईक म्हणेल. म्हणून तुमचा तासाचा दर आधीच काढून ठेवा. समजा भाडं, वीज, पोऱ्याचा पगार आणि तुमची स्वतःची मजुरी मिळून महिन्याला ६०,००० रुपये. महिन्याला २५ दिवस, दिवसाला प्रत्यक्ष कामाचे ६ तास, म्हणजे १५० तास. भागाकार केला की तासाला ४०० रुपये. अडीच तास लागले तर १,००० रुपये, वर ड्रिल आणि कॉइलचा खर्च. नफा त्याच्यावर.

एका वेळी एकाच टप्प्याचं बोला. "तेल आणि ग्रिपने निघाला तर इतके, वेल्डिंग लागलं तर इतके, ड्रिल आणि नवीन आटे लागले तर इतके." प्रत्येक टप्प्याआधी फोन करा आणि बिलावर टप्पे वेगळे लिहा. निघालेला तुकडा पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. गंज त्याला स्वतःलाच दिसेल.

हत्यारं एकदम घ्यायची गरज नाही. सुरुवातीला ग्रिप प्लायर, पंच, चांगली ड्रिल आणि एम ६, एम ८, एम १० चे हेलिकॉइल सेट पुरतात. वेल्डिंगसाठी शेजारच्या वेल्डिंगवाल्याशी दर ठरवून ठेवा. कर्ज लागलंच, तर मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. बँकेत जाताना हत्यारांची कोटेशनं सोबत न्या.

या आठवड्याचा गृहपाठ

भंगारवाल्याकडून जुनं अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणा. त्यातले चार गंजलेले स्टड मुद्दाम तोडा आणि वरच्या क्रमाने काढा. प्रत्येकाला लागलेला वेळ लिहून ठेवा. तोच कागद तुमचं पहिलं दरपत्रक. गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकणं फार महाग पडतं, भंगारातल्या हेडवर शिका!