दौऱ्यावर निघणाऱ्या पुतण्याला

बाळा, यंदापासून रुईच्या सौद्यांसाठी मुंबईला अन् कोइम्बतूरला तू जाणार. मानवतचं जिनिंग इकडे चालूच राहील. म्हणून चार गोष्टी सांगतो. काही तुझ्या आजोबांच्या आहेत, काही हातात मोबाईल आल्यावर शिकलो.

फोनची वेळ ठरव. ट्रंक कॉलच्या काळात लाईन मिळायलाच तास जायचे, म्हणून माणूस काय बोलायचं ते आधी कागदावर मांडून ठेवायचा. तारेत तर शब्दागणिक पैसे. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, पण ती शिस्त तू सोडू नकोस. एक फोन सकाळी लिलावाआधी, एक संध्याकाळी काटा बंद झाल्यावर. आवक किती, भाव काय फुटला, गाठी किती बांधल्या, चुकारे किती राहिले, एवढंच विचार. दिवसभर फोन करत राहिलास तर मुनीमजी स्वतःच्या डोक्यानं काही ठरवायचंच सोडून देतील. किती रुपयांपर्यंत त्यांनी परस्पर ठरवायचं, ते निघतानाच सांगून जा.

बँकेचं सिम खिशात घालून जाऊ नकोस. ओटीपी त्या नंबरावर येतो. तू गाडीत, रेंज नाही, आणि इकडे शेतकरी काटापट्टी घेऊन उभा. मुनीमजींच्या नावानं बँकेतून वेगळा युजर आणि रकमेची मर्यादा आधीच करून घे. फोनवर ओटीपी सांगायची सवय मात्र लावू नकोस, घरच्यांनाही नाही.

भाव बोलताना माप आधी बोल. गिरणीवाला खंडीवर बोलतो, म्हणजे ३५६ किलो रुई. मोंढ्यात कापूस क्विंटलवर. खंडीमागे पाचशे रुपये उतरले, तर रुईच्या क्विंटलला सुमारे एकशे चाळीस उतरतात. रुईचा उतारा चौतीस टक्के धरला, तर कापसाच्या क्विंटलला पन्नासच्या आतच. सरकीचा भाव वेगळा बघायचा. हा हिशेब तोंडपाठ असला की तिकडच्या बातमीनं इकडे उगाच घबराट होत नाही.

तोंडी सौदा झाला की जागेवरच मेसेज टाक: लॉट नंबर, गाठी, भाव, पैसे कधी येणार, ओल किती चालेल. दलालालाही तोच, पेढीलाही तोच. नमुन्याच्या पुडीवर लॉट नंबर पेनानं लिही, नुसत्या फोटोवर विसंबू नकोस.

गाडी बघून काम ठरव. देवगिरी रात्रीची, तिच्यात झोप काढ. मुंबईत दिवसभर बोलायचं असतं. तपोवन दिवसाची, तिच्यात वही उघड. धावत्या गाडीत रेंज येते-जाते, म्हणून हिशेबाचे कागद आधीच फोनमध्ये उतरवून ठेव. एकेरी रुळावर क्रॉसिंगसाठी गाडी थांबते, उशीर होतो, म्हणून उतरल्या उतरल्या कुणाला भेटीची वेळ देऊ नकोस.

घरचा फोन वेगळा कर. त्यात भाव काढायचा नाही. आईला जेवलास का एवढं सांगायचं असलं, तरी तेवढ्यासाठी कर.

आणि दौरा कसा झाला ते तुझ्या फोनांवरून मोजू नकोस. तू नसताना शेतकऱ्याचा चुकारा वेळेवर झाला असेल, तर दौरा नीट झाला म्हणायचं.